पुढचा हात

हे मनन डोळे मिटून करायचं नाही. उघड्या डोळ्यांनी, बसल्या जागी करायचं. जागा कुठलीही चालेल, पण सांताक्रूझमध्ये राहत असाल तर सोय जास्त. पूर्वेला वाकोला, कलिना, प्रभात कॉलनी, पश्चिमेला एस. व्ही. रोडपासून जुहू तारा रोडपर्यंत. कुठल्याही गल्लीत शिरा, एखादा दवाखाना, एखादी पॅथॉलॉजी लॅब, दातांच्या डॉक्टरची पाटी दिसतेच. पूर्वेला महापालिकेचं व्ही. एन. देसाई रुग्णालय आहे, पश्चिमेला खाजगी इस्पितळं आहेत. यातल्या कुठल्या ना कुठल्या बाकावर बसण्याची पाळी प्रत्येकावर येते. टोकन हातात असतं, पुढे बरेच नंबर असतात, आणि डोक्यावरून विमान खाली येऊ लागलं की शेजारच्याचं बोलणं मध्येच तुटतं. एरवी हा वेळ आपण मोबाइलवर घालवतो. आज तो कापसाच्या एका बोळ्याला द्या.

रक्त काढून झालं की सिस्टर बोळा दाबून धरायला सांगते. कोपर दुमडून आपण बाहेर येतो. दोन-चार मिनिटांनी बोळा काढून बघतो. मधोमध लाल ठिपका, कडेला स्पिरिटचा ओलावा. मग शोध सुरू होतो, टाकायचा कुठे? लिफ्टपाशी चहाच्या कपांचा डबा असतो, बहुतेकांचा बोळा तिथेच पडतो. काही जण खिशात घालून घरी नेतात. बाकाच्या फटीत खोचणारेही आहेत, त्यांच्याबद्दल न बोललेलं बरं.

टाकू नका अजून. हातात राहू द्या आणि नीट बघा. हे रक्त पाच मिनिटांपूर्वी तुमच्या अंगात फिरत होतं. तेव्हा त्याची किळस नव्हती. बाहेर आलं, कापसात उतरलं आणि त्याचा कचरा झाला. रक्तात काही बदल झालेला नाही, फक्त त्याचा मालक बदलायच्या बेतात आहे. इतका वेळ ते तुमचं होतं, आता जो उचलेल त्याचं.

मला काहीही झालेलं नाही, असं आपण मनाशी म्हणतो. नसेलही झालेलं. पण हिपॅटायटिस बी आणि सी हे आजार अंगात वर्षानुवर्षं गुपचूप बसून राहू शकतात, माणूस हिंडत-फिरत असतो आणि त्याला पत्ता नसतो. हिपॅटायटिस बीचा विषाणू तर वाळलेल्या रक्तातही निदान सात दिवस टिकतो. म्हणून वैद्यकीय शिस्तीत रक्त कुणाचं हे विचारलंच जात नाही. पाटलांचं असो, डिसोझांचं असो की शेखांचं. सगळ्यांचं रक्त धोक्याचं धरूनच चालायचं. इतकी समता आपल्याकडे दुसरीकडे कुठे पाळली जाते कोण जाणे.

आपण 'टाकलं' म्हणतो तेव्हा ती वस्तू आपल्यापुरती संपते. प्रत्यक्षात ती पुढच्या हातात गेलेली असते. आज तो पुढचा हात बघायचा आहे. आणि त्याच्या पुढचा. घाई नको.

पहिला हात सिस्टरचा. तुमच्या शिरेतून सुई बाहेर आली, तिथे लक्ष आणा. उजव्या हातात सिरिंज, समोर ट्रे, ट्रेमध्ये सुईचं प्लास्टिकचं टोपण. सहज वाटेल ते म्हणजे डाव्या हातात टोपण धरायचं आणि उजव्या हाताने सुई त्यात घालायची. पेन बंद करताना आपण दिवसभर हेच करतो. पण सुई टोपणाच्या कडेला अडखळते, निसटते आणि डाव्या अंगठ्यात जाते. शिकवताना म्हणूनच बजावून सांगतात: वापरलेल्या सुईला टोपण परत लावायचं नाही. सुई तशीच नीडल कटरच्या भोकात घालायची, दांडा दाबायचा, टच आवाज होतो, सुई तुटून आत पडते. बिनसुईची सिरिंज हातात उरते. पुढच्या वेळी कान देऊन ऐका. तो आवाज ऐकू आला की समजायचं, इथे कुणीतरी पुढच्या हाताचा विचार केला.

तो आवाज न येता सुई कुणाला टोचलीच तर? रक्तातून येणाऱ्या तीन मुख्य आजारांचे आकडे आरोग्यक्षेत्रात पाठ असतात. लस न घेतलेल्या माणसाला बाधित सुई टोचली तर हिपॅटायटिस बी होण्याची शक्यता शंभरात तीसपर्यंत जाते. हिपॅटायटिस सीची शंभरात दोनच्या आसपास. एचआयव्हीची हजारात तीन. लोक घाबरतात शेवटच्या आजाराला, आणि शक्यता सर्वांत मोठी पहिल्याची. त्या पहिल्यावर तर लस आहे.

सुई टोचली की आपल्याकडे बोट दाबून रक्त काढायची, तोंडात घालायची सवय आहे. दोन्ही नको. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायचं आणि लगेच सांगायचं. एचआयव्हीच्या शक्यतेसाठी औषधं जमल्यास दोन तासांत, आणि काही झालं तरी ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात. पुढे २८ दिवस घ्यायची. 'लगेच सांगायचं' हे लिहायला सोपं आहे. वॉर्डात नवीन लागलेल्या, कंत्राटावरच्या मुलीने सांगितलं तर तिला आधी काय ऐकावं लागतं? 'लक्ष कुठे होतं तुझं?' हे वाक्य ऐकण्याच्या भीतीने किती तास वाया जात असतील, याचा विचार इस्पितळ चालवणाऱ्यांनी बसून करावा. तुम्ही आम्ही निदान एवढं करू शकतो, की आपल्यासमोर कुणाला सुई लागली तर ओरडायचं नाही.

आता नजर ट्रेवरून खाली, डब्यांकडे न्या. पिवळा, लाल, पांढरा, निळा. १९९८च्या जुलैमध्ये या देशात जैववैद्यकीय कचऱ्याचे पहिले नियम आले. २०१६मध्ये ते नव्याने केले गेले आणि आजचे चार रंग ठरले. खाटा किती यावर सूट नाही. मोठं इस्पितळ असो, एका खोलीचा दवाखाना असो, आयुर्वेदाचा असो, जनावरांचा असो, सगळ्यांना तेच. मंडळाच्या हॉलमध्ये एका दिवसापुरतं भरलेलं रक्तदान शिबिरही त्यात आलं. गणेशोत्सवात शिबिर घेणाऱ्या कार्यकर्त्यांना सरबत आणि प्रमाणपत्रांची आठवण असते. लाल-पिवळ्या पिशव्या रक्तपेढीवाले घेऊन आलेत का आणि जाताना परत नेल्यात का, हे बघायचं कामही त्यांचंच आहे.

पिशवीवर तीन अर्धवर्तुळाकार शिंगांचं एक चिन्ह असतं. ते १९६६ साली अमेरिकेतल्या डाऊ केमिकल कंपनीत तयार झालं. बरीच चिन्हं काढली गेली, लोकांना दाखवली गेली, आणि निवडलं कोणतं? जे बघून कुणालाच काही अर्थ लागत नव्हता, पण एकदा बघितल्यावर विसरलं जात नव्हतं ते. अर्थ नंतर शिकवता येतो, असा त्यामागचा विचार. तिन्ही बाजूंनी सारखं दिसतं, त्यामुळे पिशवी उलटी पडली तरी वाचता येतं. वाचता न येणाऱ्यालाही वाचता येतं, हे अधिक महत्त्वाचं.

पांढऱ्या आणि निळ्यापाशी फार थांबायला नको. पांढऱ्या, सुई आरपार न जाणाऱ्या डब्यात सुया, ब्लेड, सगळं टोकदार. निळ्यात काच, इंजेक्शनच्या फुटक्या-शाबूत कुप्या, हाडात बसवून काढलेले धातूचे तुकडे. थांबायचं आहे ते पिवळ्यापाशी आणि लालपाशी.

पिवळ्या पिशवीत रक्ता-पुवाने माखलेलं ड्रेसिंग जातं, मुदत संपलेली औषधं जातात. तुमचा बोळाही तिथलाच. आणि माणसाच्या देहाचा जो भाग शस्त्रक्रियेत वेगळा होतो तोही. काढलेलं पित्ताशय, मधुमेहाने काळी पडलेली पायाची बोटं. बाळंतपणात बाळामागून येणारी वार. गावाकडे घरी बाळंतपण व्हायचं तेव्हा सुईण वार परसात खड्डा खणून पुरायची, वर दगड ठेवायची, कुत्र्यांनी उकरू नये म्हणून. गाव सोडून पन्नास वर्षं झालेली माणसं आपली नाळ तिथे पुरलीय असं सांगतात, त्यात निव्वळ अलंकार नसतो. सांताक्रूझमध्ये परस कुठलं? इथे जन्मलेल्या मुलांची वार पिवळ्या पिशवीतून गेली. तुमच्या मुलाचीही गेली असेल. जगण्याइतकी वाढ होण्याआधीच जे मूल गेलं, त्याचीही वाट कायद्याने हीच सांगितली आहे. ज्या आईने तो दिवस पाहिला आहे तिच्यासमोर 'कचरा' हा शब्द उच्चारू नये, इतकं तरी आपल्या हातात आहे.

या पिशवीकडे बघून नाक मुरडावंसं वाटलं तर मुरडा, मन मारू नका. मग पुन्हा बघा. त्यात जे आहे ते सगळं कुणाचं तरी अंग होतं.

लाल पिशवी वेगळी. सलाईनची नळी, लघवीची पिशवी, कॅथेटर, हातमोजे, सुई तोडलेली सिरिंज, डायलिसिसच्या नळ्या. हे प्लास्टिक जाळायचं नसतं. ते ऑटोक्लेव्हमध्ये जातं. ऑटोक्लेव्ह म्हणजे घरातल्या कुकरचाच थोरला भाऊ: १२१ अंश सेल्सियस, १५ पौंडांचा दाब, निदान साठ मिनिटं. यंत्र नीट काम करतंय का हे बघायला चिवट जिवाणूंचे बीजाणू मुद्दाम आत ठेवतात. ते मेले तर बाकीचे मेलेच असं धरायचं. त्यानंतर प्लास्टिकचे तुकडे करतात आणि मगच ते पुनर्वापराला जातं.

तुकडे कशाला? नुसतं उकळून भागलं नसतं? याचं उत्तर २००९ साली गुजरातमधल्या मोडासा गावाने फार महाग दिलं. तिथे हिपॅटायटिस बीची साथ आली, अनेकांचे जीव गेले, आणि तपास वापरलेल्या सिरिंज पुन्हा वापरण्यापाशी येऊन थांबला. अखंड सिरिंज दिसायला नवीच दिसते. धुतली, वाळवली, पाकिटात घातली की ओळखणार कोण? तुटलेली सिरिंज मात्र कुणाला विकता येत नाही. म्हणून तोडायची, कापायची, तुकडे करायची. माणसाच्या लोभाचा हिशोब धरून केलेली ही रीत आहे, आणि मला ती साधुसंतांच्या उपदेशापेक्षा जास्त भरवशाची वाटते.

आता मावशीकडे बघा. मुंबईच्या इस्पितळांत आयाबाई म्हणजे मावशी आणि वॉर्डबॉय म्हणजे मामा. डॉक्टरांना सर म्हणायचं, नर्सला सिस्टर, आणि ज्यांनी घाण उचलायची त्यांच्याशी आईकडून नातं जोडायचं, ही आपली जुनी हुशारी. मावशी पिशवी तीन चतुर्थांश भरली की गळ्यापाशी पिळते, गाठ मारते, ट्रॉलीत ठेवते. पिशवी अंगापासून लांब धरून चालते. का, ते विचारून बघा. लाल पिशवीत कुणीतरी घाईने टाकलेली एक सुई प्लास्टिक भेदून पोटरीला लागू शकते. मावशीचे सगळे हातमोजे, सगळी काळजी त्या दुसऱ्याच्या घाईपुढे पातळ पडते. ती सुई तिच्यापर्यंत कुठल्या हातातून आली हे तिला कधीच कळणार नाही.

नियम म्हणतो की कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस द्यायची, वर्षातून एकदा तपासणी करायची. हिपॅटायटिस बीचे तीन डोस: आज, एक महिन्याने, सहा महिन्यांनी. कंत्राटदार पाचव्या महिन्यात बदलला आणि मावशी दुसऱ्या इस्पितळात गेली, तर तिसरा डोस कुणाच्या वहीत? यावर थोडा वेळ बसा. नियम कागदावर पुरा असतो, आणि माणूस दोन कागदांच्या मध्ये पडतो.

पिशव्यांचं वजन होतं, बारकोडची चिठ्ठी लागते, कुठल्या दवाखान्याची पिशवी ते गाडीबरोबर लिहून जातं. प्रक्रिया न केलेला कचरा ४८ तासांहून जास्त ठेवायचा नाही. ठेवायची खोलीही कुठेतरी असते, बहुधा तळमजल्यावर, मागच्या बाजूला. सांताक्रूझच्या माणसाला तळमजला म्हटलं की एक तारीख आठवते. २६ जुलै २००५ला सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच दिवशी कुलाब्यात जेमतेम ७३. कलिना, वाकोला पाण्याखाली गेलं. त्या पाण्यातून लोक गळ्याइतके बुडून घरी आले. त्या पाण्यात काय काय मिसळलं होतं हे तेव्हा कुणी विचारलं नाही, जीव वाचला हेच खूप होतं. पण दर पावसाळ्याआधी आपल्या दवाखान्याची ती मागची खोली जोत्यापासून किती उंच आहे, हे ज्याने त्याने बघून घ्यायला हरकत नाही.

गाडी निघाली. आपणही मनाने तिच्यामागे जाऊ. सांताक्रूझहून गोवंडीला जायचं तर सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्ता, मग घाटकोपर-मानखुर्द जोडरस्ता. पहिला रस्ता २०१४मध्ये सुरू झाला तेव्हा आपण खूश झालो, पश्चिम उपनगरातून पूर्वेला जाणं सोपं झालं. तो आपल्या गावाचं नाव घेऊन जातो. आपली पिशवीही तिकडे जाते, हे मात्र आपण त्या रस्त्याने जाताना मनात आणत नाही. मुंबईतल्या इस्पितळांचा हा कचरा २००९पासून गोवंडीतल्या एसएमएस एन्व्होक्लीन या कंपनीच्या केंद्रात जात आला. देवनारचं डम्पिंग ग्राउंड तिथून जवळच, ते १९२७पासूनचं. शहराने नको म्हटलं ते तिकडे पाठवायची सवय अशी जुनी आहे.

भट्टीपाशी आलो. इथे शांतपणे उभं राहायचं. भट्टीला दोन कक्ष असतात. पहिल्यात वस्तू जळते, साधारण ८०० अंशांवर. निघालेला धूर सरळ बाहेर सोडत नाहीत. तो दुसऱ्या कक्षात जातो, तिथे १०५० अंश, पन्नास इकडे-तिकडे, आणि त्या उष्णतेत धुराने निदान दोन सेकंद राहायचं असा नियम आहे. १९९८च्या नियमांत एकच सेकंद होता, २०१६मध्ये दोन झाले.

दोन सेकंद मोजा. श्वास आत घ्या, सावकाश. साधारण तेवढा वेळ. या वेळात डायॉक्सिन नावाचं विष मोडायचं असतं. ते मोडलं नाही, किंवा धूर नंतर हळूहळू गार झाला आणि ते पुन्हा जुळून आलं, तर ते चिमणीतून बाहेर पडतं, धुळीवर बसतं, गवतावर, दुधात, चरबीत साठतं. अनेक वर्षं जात नाही. डायॉक्सिन तयार व्हायला क्लोरीन लागतं. क्लोरीन येतं कुठून? मोठा वाटा पीव्हीसी प्लास्टिकचा, म्हणजे लाल पिशवीत जायला हवी होती अशा सलाईनच्या नळीचा, जर ती कुणी पिवळ्या पिशवीत टाकली असेल तर. क्लोरीनयुक्त प्लास्टिकच्या पिशव्या आणि हातमोजे बंद करायला कायद्याने मुदती घातल्या त्या याच कारणाने.

म्हणजे बघा. सांताक्रूझमधल्या एका वॉर्डात, रात्रपाळीच्या शेवटी, कुणीतरी नळी हाताला येईल त्या डब्यात टाकली. नळी अर्ध्या हाताची. चूक क्षणाची. तिची किंमत गोवंडीच्या बैंगनवाडीत, शिवाजीनगरमध्ये, उघड्या खिडकीशी झोपलेलं पोर भरतं. त्या पोराने कधी सांताक्रूझ पाहिलेलं नसेल. भट्टी नीट चालते की नाही हे बघणं प्रदूषण मंडळाचं काम, आणि त्याने ते करायलाच हवं. पण भट्टीत काय गेलं हे इथेच, डब्यापाशी ठरलं होतं. जागतिक आरोग्य संघटना सांगते की इस्पितळाच्या कचऱ्यापैकी ८५ टक्के आपल्या घरच्यासारखाच असतो, धोक्याचा फक्त १५ टक्के. चहाच्या कपांच्या डब्यात रक्ताचा बोळा पडला की तो सगळा डबा धोक्याचा होतो. आणि जेवणाची थाळी पिवळ्यात गेली की तीही विनाकारण जळते. दोन्ही बाजूंनी धूरच वाढतो.

गोवंडीच्या लोकांनी हा धूर निमूट घेतला नाही. गोवंडी न्यू संगम वेल्फेअर सोसायटीने मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. २०२३मध्ये न्यायालयाने हे केंद्र दोन वर्षांत रायगड जिल्ह्यातल्या खालापूर तालुक्यात हलवायला सांगितलं. बातमी वाचून बरं वाटलं, ते खरंच बरं वाटण्याजोगं होतं. दाट वस्तीतून भट्टी जायलाच हवी. पण मननाला बसलो आहोत तर बातमीच्या पुढेही जाऊ. खालापूर म्हणजे रिकामी जागा नव्हे. तिथेही पाताळगंगेचं पाणी पिणारी माणसं आहेत, भाताची खाचरं आहेत, ठाकरवाड्या आहेत. गाडी लांब जाऊ लागली म्हणून नळी आपोआप लाल पिशवीत जाणार नाही.

यावर कुणी म्हणेल, आम्ही डॉक्टर नाही, नर्स नाही, आमचा काय संबंध? मग इस्पितळातून उठून घरी चला. फ्रिजच्या दारात इन्सुलिनचं पेन आहे. आजोबांना दिवसातून दोनदा, कुणाला चारदा. दरवेळी एक सुई, बोटाच्या पेराहून लहान, टोक डोळ्याला दिसत नाही. ती कुठे जाते? बहुतेक घरांत कोरड्या कचऱ्यात, दुधाच्या पिशव्या आणि बिस्किटांच्या वेष्टनांबरोबर. सकाळी तो डबा सफाईवाली उचलते, खाली मोठ्या पिंपात ओतते. पुढे कुणीतरी प्लास्टिक वेगळं काढायला हात घालतो. बहुधा तो हात बाईचा असतो. स्त्रीमुक्ती संघटनेने १९९८पासून 'परिसर विकास' नावाने मुंबईत या कचरावेचक बायकांना संघटित करायचं काम केलं, त्यातल्या कुणालाही विचारा. काच आणि सुई यांनी बोटं फाटण्याच्या गोष्टी त्यांच्याकडे ऐकून संपत नाहीत. पुण्यात स्वच्छ या कचरावेचकांच्या संस्थेने सॅनिटरी पॅडच्या पुडीवर लाल ठिपका काढायची मोहीम चालवली. ठिपका काढायला एक सेकंद लागतो, आणि उघडून बघण्याची वेळ समोरच्यावर येत नाही. तेवढंही करायला आपल्याला मोहीम लागली.

इस्पितळात निदान रंग आहेत, बारकोड आहे, तपासणीला येणारा अधिकारी आहे. घरात काहीच नाही. घरी ड्रेसिंग होतं, घरी डायपर बदलले जातात, घरी नेब्युलायझर आणि कॅथेटर असतात, कारण इस्पितळातून लवकर सोडतात आणि पुढचं सगळं घरच्या बायकांवर येतं. इस्पितळात कायदा ज्याला जैववैद्यकीय म्हणतो तसाच कचरा आता आपल्या बाथरूममध्येच तयार होतो.

तेव्हा उठण्याआधी एवढं ठरवा. जाड प्लास्टिकची, फिरकीच्या झाकणाची एक बाटली घ्या, औषधाची किंवा डिटर्जंटची. पाण्याची पातळ बाटली नको, सुई आरपार जाते. वर मोठ्या अक्षरात 'सुया' लिहा, मराठीत आणि हिंदीत. सुई वापरून झाली की टोपणाची झटापट न करता सरळ तिच्यात. बाटली तीन चतुर्थांश भरली की झाकण घट्ट करून टेप लावा आणि तुमच्या लॅबला किंवा डॉक्टरांना विचारा, त्यांच्या पांढऱ्या डब्याच्या वाटेने ती नेतील का. नाही म्हणाले तर दुसऱ्यांना विचारा. विचारणाऱ्यांची संख्या वाढली की सोय होते, हा या शहराचा अनुभव आहे. पॅड आणि डायपर कागदात गुंडाळा, वर लाल खूण करा, ओल्या-सुक्या दोन्हींपासून वेगळं द्या. मुंबई महापालिकेने मे २०२५पासून घरगुती सॅनिटरी आणि विशेष काळजीचा कचरा वेगळा नेण्याची सेवा सुरू केली आहे. त्यासाठी नोंदणी करावी लागते आणि ती सोसायटीच्या नावाने होते. तुमच्या सोसायटीची झाली आहे का हे सेक्रेटरीला आजच विचारा, आणि नसेल तर पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर पार्किंगच्या आधी हा विषय घ्यायला लावा.